पंपवाल्याने मारलेली गाठ

मित्रांनो, मी एक जुने लाकडी बूच आहे. बाटलीचे नव्हे, होडीचे. माझे अंग तुमच्या मुठीत मावेल एवढेच आहे. वर जाड, खाली निमुळते, आणि डोक्यात आरपार एक भोक. त्या भोकात काळपट पडलेली दोरी आहे आणि त्या दोरीला एक गाठ आहे. ती गाठ आजवर कोणालाही सुटलेली नाही. माझी गोष्ट म्हणजे त्या गाठीचीच गोष्ट. पण ती कळायची तर आधी होडीच्या तळातले भोक तुम्हाला समजले पाहिजे.

मोठ्या जहाजावर संकटाच्या वेळी उतरायच्या होड्या असतात. त्या डेकच्या कडेला वाकड्या लोखंडी खांबांना टांगलेल्या असतात. पाऊस पडला, लाट उसळली, की त्यांत पाणी साचते आणि साचलेले पाणी लाकूड कुजवते. म्हणून होडीच्या तळाला एक भोक ठेवतात. होडी टांगलेली असेपर्यंत ते उघडे असते. पाणी आपोआप गळून जाते. होडी समुद्रात सोडायची वेळ आली, की मात्र ते भोक आधी बंद करावे लागते. ते बंद करणारा मी. वर्षानुवर्षे मला काहीच काम नसते, आणि एखाद्या दिवशी सगळे काम माझेच असते.

माझा जन्म जहाजे बांधण्याच्या कारखान्यातला. कप्तानाच्या मेजाचे पाय करून उरलेल्या तुकड्यातून एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवले. लेथवर फिरवून निमुळते केले, जवसाच्या तेलात बुडवून ठेवले, वाळवले, पुन्हा बुडवले. मग होडीच्या भोकात बसवून तळव्याने एक थाप मारली. वरून बादलीभर पाणी ओतले. खाली एक थेंब उतरला नाही. "तुला कधी काम न पडो," असे म्हणून त्याने मला उपसून काढले आणि भोकाशेजारच्या कडीला सुतळीने बांधून टाकले. मला त्याचे बोलणे तेव्हा फार लागले होते.

आमचे जहाज तेलवाहू होते. पोटात तेलाच्या टाक्या, मध्यावर कप्तानाच्या आणि अधिकाऱ्यांच्या खोल्यांची उतरंड, अगदी मागे इंजिन आणि भटारखाना. मधल्या खोल्यांच्या दोन बाजूंना आम्ही, म्हणजे डावी होडी आणि उजवी होडी. मी डावीचा. उजवीत माझ्याच लाकडाचा दुसरा तुकडा होता. त्याला मी भाऊ म्हणत असे.

शांततेच्या काळात आम्हा भावांना कोणी विचारले नाही. उलट आमची चोरी होई. खलाशांच्या न्हाणीघरातल्या बेसिनचे बूच हरवले, की कोणीतरी सुतळी कापून आम्हाला घेऊन जाई. मी कित्येक महिने दाढीच्या साबणाच्या पाण्यात काढले. मग युद्ध सुरू झाले. शत्रूच्या पाणबुड्या तेलाची जहाजे हुडकून बुडवू लागल्या. एका बंदरात तपासनीस आला आणि म्हणाला, "होडी सोडून दाखवा." डावी होडी सोडली. तो स्वतः तीत उभा राहिला. मी तेव्हा बेसिनमध्ये होतो. साहेबांचे बूट घोट्यापर्यंत बुडाले, तेव्हा कुठे सगळ्यांना माझी आठवण झाली.

त्या दिवशी कप्तानाच्या हाताखालच्या पहिल्या अधिकाऱ्याने नवा नियम केला. प्रत्येक बूच एका माणसाच्या गळ्यात राहील. जेवताना, झोपताना, आंघोळ करताना. धोक्याची घंटा झाली, की त्या माणसाने थेट आपल्या होडीकडे जायचे. "बाकीच्यांनी काय वाटेल ते करावं," तो म्हणाला, "बूचवाल्यानं मागे वळायचं नाही. एक माणूस थांबला तर सगळी होडी थांबते."

भाऊ गेला बिनतारीवाल्याच्या गळ्यात, म्हणजे जो यंत्रावरून संदेश पाठवतो त्याच्या. मी आलो आचाऱ्याच्या गळ्यात.

आचारी तरुण होता, गोल चेहऱ्याचा, आणि विसरभोळा. एका हातात पळी असताना पळी शोधणारा माणूस. त्याच जहाजावर त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा पंपवाला होता. टाक्यांतले तेल भरणे, उपसणे, झडपा बघणे हे त्याचे काम, आणि ते चाले डेकच्या खाली खोलवर, पंपघरात. तिथे उतरायला एकच उभी लोखंडी शिडी. हवा जावी म्हणून डेकवर एक जाड नळकांडे काढलेले होते. त्याला तोंड लावून कोणी बोलले, की आवाज थेट खाली जाई. आचारी जेवण झाले, की त्या नळकांड्यात ओरडे, "भावोजी, पानं वाढलीत!" खालून उत्तर येई, "मेहुणे, आज खाण्यासारखं आहे का नुसतंच वाढलंय?"

माझी दोरी सुरुवातीला लांब होती. आचारी वाकला, की मी त्याच्या छातीपासून पुढे लोंबत असे. एकदा तो बटाट्याच्या रश्शात मीठ घालत होता आणि मी सरळ पातेल्यात बुडालो. त्याच्या ध्यानातही आले नाही. मी उकळत राहिलो. जेवताना खलाशी आपापसांत बघू लागले.

"आज रश्शाला तेलाचा वास येतोय."

"तेलाच्या जहाजावर गुलाबाचा येणार का?"

"हे बघ, याच्या गळ्यातून रस्सा ठिबकतोय!"

मग जो हशा पिकला, तो कितीतरी दिवस पुरला. कोणी म्हणे, लाकूड शिजले नाही नीट. कोणी म्हणे, आज निदान चावायला तरी काहीतरी होते. आचारी कानापर्यंत लाल झाला. पंपवाल्याने हसून हसून डोळे पुसले आणि म्हणाला, "ये इकडे. मी बांधतो. माझी गाठ सुटली तर मला पंपवाला म्हणू नकोस."

त्याने सुतळी फेकून दिली आणि नवी बारीक, घट्ट वळलेली दोरी घेतली. माझ्या डोक्यातून ओवली, आचाऱ्याच्या मानेमागे नेली आणि एवढी आखूड केली, की मी त्याच्या गळ्याच्या खळगीत येऊन बसलो. मग त्याने गाठ मारली. एकावर एक, फिरवून, टोक आत दडपून. वरून ओल्या फडक्याने ती भिजवली. "वाळली की दगड होते," तो म्हणाला. आणि तसेच झाले. दोरी डोक्यावरून निघेना आणि गाठ नखाने हलेना. माझे रश्शात पडणे बंद झाले. मीही खूश होतो. मित्रांनो, पहिल्यांदाच मला कोणीतरी घट्ट धरले होते.

पुढे जहाज घरच्या बंदराला लागले. दोघे सुट्टी घेऊन धक्क्यावरून निघाले आणि गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आचाऱ्याने गळ्याला हात लावला. "भावोजी! बूच!"

"मग? जहाज धक्क्याला बांधलंय. बुडायचंच असेल तर थांबेल आपल्यासाठी."

असा मी त्या घरी पहिल्यांदा गेलो. गोदामामागची अरुंद गल्ली, चढताना भिंत धरावी लागेल असा जिना, वर दोन खोल्या. ताई घरबसल्या कोटांना अस्तरे शिवत असे. मेजावर कापडाचा ढीग, त्यावर कात्री, खडू, जाड दाभण. खिडकीतून समोरच्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी. तिने भावाला दारातच थांबवले.

"हे काय रे गळ्यात? घंटा बांधायची राहिली वाटतं."

"ताई, नियम आहे तसा."

"घरात कुठली होडी बुडतेय?"

"याच्या रश्शात बुडायची भीती असते बुचाला," पंपवाला म्हणाला आणि सगळी हकिगत रंगवून सांगितली. ती हसली, पण तिचे लक्ष भावाच्या मानेकडे होते. दोरीने तिथे लाल वळ उठला होता.

"बस इथे. काढते मी." तिने दाभण गाठीत खुपसले. वाकडे केले, सरळ केले, दातांत ओठ धरून जोर लावला. गाठ तशीच. "कोणी मारली ही?"

पंपवाला छताकडे बघत शीळ घालू लागला.

"अहो! त्या बाहेरच्या दोरीची तीच तऱ्हा. मागच्या खेपेला सुरी लावावी लागली मला. गाठ मारायची तर माणसाला सुटेल अशी मारावी!"

"सुटावी म्हणून गाठ मारतात का कोणी?"

तिने मेजावरची कात्री उचलली. एक पाते भावाच्या मानेला आणि दोरीला घासून आत सरकले. ते गार पाते मला दोरीतून जाणवले. तेवढ्यात पंपवाल्याने तिचे मनगट धरले. आता तो चेष्टा करत नव्हता.

"राहू दे गं. हा परवा टोपी शोधत होता, डोक्यावर असलेली. दोरी सैल झाली तर बूच कुठेतरी ठेवेल आणि विसरेल. आणि त्याच होडीत बसायचंय मला."

तिने क्षणभर नवऱ्याकडे पाहिले, मग कात्री परत कापडावर ठेवली. वळ उठू नये म्हणून तिने अस्तराची एक पट्टी कापली आणि दोरीखाली मानेभोवती घातली.

निघताना ती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली. "जाताय तसे दोघे या. एकटा कोणी आला तर दार उघडायची नाही मी. सांगून ठेवते."

"मी एकटा आलो तरी?" पंपवाल्याने विचारले.

"तुम्ही आलात तर मुळीच नाही. माझा भाऊ कुठे टाकून आलात म्हणून आधी खिडकीतून जाब विचारेन."

तो हसला. तिघेही हसले. त्या घरातले ते हसणे मी दोरीतून ऐकले तेवढेच.

त्या फेरीला आमचे जहाज तेलाने काठोकाठ भरलेले होते. सोबत आणखी जहाजे होती आणि त्यांच्या राखणीला लढाऊ बोटी. पण आमचे इंजिन जुने. ते तापू लागले, तसा आमचा वेग कमी झाला आणि बाकीची जहाजे हळूहळू क्षितिजापलीकडे गेली. राखणीच्या बोटींनी त्यांच्याबरोबर जायचे असते. एका जहाजासाठी त्या थांबत नाहीत. कप्तानाने सकाळपासून दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. समुद्र तेलासारखा गुळगुळीत होता आणि उन्हाने डोळे दिपत होते. अशा वेळी पाणबुडीची दुर्बीण दिसणे कठीण.

दुपारची जेवणे उरकली होती. आचारी मोठे पातेले घासत होता. टॉर्पेडो उजव्या बाजूला, मधल्या खोल्यांच्या थोडा मागे लागला.

आवाज मला नीट आठवत नाही. आठवतो तो धक्का. जहाज पाण्यातून उचलल्यासारखे झाले आणि खाली आदळले. आचारी भटारखान्याच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर फेकला गेला. त्याची टोपी गेली, एक बूट गेला, हातातले पातेले कुठे गेले ते कळले नाही. फळीवरच्या सुऱ्या, डबे, पळ्या सगळे उकळत्या पाण्यासकट खाली आले. मी जागेवर होतो. गाठ हलली नव्हती. तो उठला तेव्हा त्याचा हात सर्वांत आधी माझ्यावर आला. मी आहे हे कळल्यावर तो धावत सुटला.

बाहेर धूर होता. उजवीकडच्या टाकीतले तेल समुद्रात ओतत होते आणि त्याच्या कडेने आग धरू लागली होती. जहाज उजवीकडे कलत होते. समोर, डेकच्या लांब पट्ट्याच्या पलीकडे, डाव्या होडीभोवती माणसे जमली होती आणि सुकाणूवाला दोन्ही हात वर करून ओरडत होता, "बूच! अरे बूच आणा!"

भटारखाना आणि होडी यांच्या मध्ये पंपघराचे नळकांडे होते.

आचारी त्याच्याजवळून जाताना खालून आवाज आला. रोजच्यासारखाच आवाज, फक्त भराभरा येणारा. "वर कोण आहे? शिडी तुटलीये! दोर टाका! कोण आहे वर?"

आचारी थांबला. मित्रांनो, नियम त्याला पाठ होता, तरी तो थांबला. नळकांड्याच्या पायाशी दोराचे वेटोळे पडलेले होते. दोर होता, माणूस होता, खाली भावोजी जिवंत होता. अडचण एकच होती, ती म्हणजे मी.

"भावोजी, मी आहे!"

"मेहुणे? दोर टाक! वास चढायला लागलाय इथं!"

आचाऱ्याने मला मुठीत धरून वर ओढले. दोरी हनुवटीला अडली. त्याने मान वाकडी केली, पुन्हा ओढले. कानाला रक्त आले. त्याने बोटे मानेमागे नेली आणि नखे गाठीत घातली. होडीवरून सुकाणूवाला ओरडत होता, "फेक! तिथूनच फेक!" अंतर एका फेकीचेच होते. चांगला झेल घेणारा माणूस पलीकडे उभा होता. मी सुटलो असतो, तर हवेतून त्याच्या हातात गेलो असतो आणि आचाऱ्याचे दोन्ही हात दोराला मोकळे झाले असते. त्याने दातांनी दोरी धरायचा प्रयत्न केला. एवढी आखूड दोरी दातांपर्यंत येत नाही. सुरी भटारखान्यात राहिली होती आणि भटारखान्याच्या दारातून आता धूर येत होता.

तो नळकांड्यावर वाकून ओरडला, "भावोजी, आलोच! बूच देऊन आलो!"

खालून आवाज आला, "जा!"

एवढेच. "लवकर ये" नाही, "थांबू नको" नाही. नुसते "जा." मी पुढे पुष्कळ वर्षे त्या शब्दाचा विचार केला आहे. त्याला गाठ आठवली असेल का? मला वाटते, आठवली असेल.

आचारी होडीत पोटावर आडवा पडला आणि गळा भोकावर नेला. सुकाणूवाल्याने कमरेचा चाकू काढून कानाखालची दोरी कापली. मी भोकात बसलो. टाचेचा एक घाव, दुसरा घाव. त्या म्हाताऱ्या सुताराचा शब्द तिथे संपला. मला काम पडले. आचारी उठून परत डेकवर उडी घेणार, तेवढ्यात जहाजाने आणखी एक हिसका दिला. आगीचा पट्टा डेकवरून आडवा आला. नळकांडे त्या पट्ट्याच्या पलीकडे गेले. सुकाणूवाल्याने त्याला मागून कवेत धरले आणि पहिल्या अधिकाऱ्याने होडीचे दोर सोडायचा हुकूम दिला. आचाऱ्याने त्या दोघांना काय काय शिव्या दिल्या, त्या मी इथे सांगणार नाही.

उजवी होडीही पाण्यात उतरली. पण माझा भाऊ तिच्यात नव्हता. बिनतारीवाला यंत्रावर वाकला, की ते बूच मेजाच्या कडेत अडके. संदेश चुकू नये म्हणून तो कामाच्या वेळी ते काढून खिळ्याला अडकवी. आळशी माणूस नव्हता तो. धक्का बसल्यावर त्याने आधी जहाजाचा ठावठिकाणा कळवला, पुन्हा पुन्हा कळवला आणि तो कळवतच राहिला. म्हणूनच पुढे कोणीतरी आम्हाला शोधायला आले. पण त्याच्या होडीतल्या माणसांनी भोकात सदरे कोंबले, कोट कोंबले, आणि होडी जड होत होत आगीच्या कडेलाच बसली. जी माणसे पोहत आली, ती आम्ही वर घेतली. तेलाने माखलेली, डोळे न उघडणारी. त्यांतली काही नंतर होडीतच गेली.

मग जहाज गेले. आधी मागचे टोक, मग मधल्या खोल्या. दूरवर पाणबुडी वर आली, थोडा वेळ बघत राहिली आणि पुन्हा खाली गेली. तिच्यावर माणसे दिसली. ती आमच्यासारखीच दिसत होती.

होडीतल्या दिवसांबद्दल मी फार सांगणार नाही. पाणी मोजून, बिस्किटे मोजून, बोलणे त्याहून कमी. आचाऱ्याची टाच सतत माझ्यावर असे. झोपेतही त्याने ती काढली नाही. एकदा सुकाणूवाला म्हणाला, "अरे, तू बूच आणलंस म्हणून आम्ही आहोत."

"मी नाही आणलं," आचारी म्हणाला. "पडूच शकत नव्हतं ते."

शेवटी एक मालवाहू जहाज दिसले आणि त्यांनी आम्हाला वर घेतले. त्यांच्या अधिकाऱ्याने वरूनच सांगितले, "होडी बुडवा. रिकामी होडी तरंगत राहिली, तर दुसरी जहाजं उगाच शोधत बसतील." रीतच होती तशी. आचारी शेवटचा चढणार होता. तो वाकला, मला दोन्ही हातांनी उपसले आणि खिशात टाकले. ज्या भोकातून एक थेंब आत येऊ नये म्हणून मी घडलो, त्यातून समुद्र आत येऊ लागला. होडी हळूहळू दिसेनाशी झाली. दोरीचे टोक त्याच्या खिशाबाहेर लोंबत होते. चाकू कानाखाली चालला होता, त्यामुळे मानेमागची गाठ त्या टोकाला जशीच्या तशी होती.

ताईला कंपनीच्या माणसाने एवढेच सांगितले होते, की जहाज बुडाले आणि काही माणसे वाचली. कोण, ते त्याला माहीत नव्हते.

दुपारची वेळ होती. आचारी जिना चढू लागला. पूर्वी ते दोघे चढत, तेव्हा त्यांचे बोलणेच आधी वर पोहोचे. आता पावले एकट्याची होती. तो वरच्या पायरीवर पोहोचण्याआधीच आतून कडी लागल्याचा आवाज आला.

"ताई."

त्याने दारावर बोटे वाजवली.

"ताई, मी आलोय."

"एकटाच?"

"हो."

"ते कुठे आहेत?"

"पंपघरात."

"तू पाहिलंस?"

"आवाज ऐकला. शिडी तुटली होती. दोर मागत होते."

"मग? टाकला नाहीस?"

"होडीला बूच द्यायचं होतं, ताई. सगळे थांबले होते."

"दुसऱ्याच्या हातात द्यायचंस!" तिचा आवाज दाराला अगदी चिकटून आला. "फेकायचंस! एवढी माणसं होती ना? एकालाही झेलता आलं नसतं?"

"निघत नव्हतं."

"काय निघत नव्हतं?"

तो दारापुढे खाली बसला. खिशातून मला काढले आणि दोरीचे टोक, ती गाठ, दाराखालच्या फटीतून आत सरकवली. मी जाड, मी उंबऱ्यालाच अडलो. थोड्या वेळाने आतून दोरी ताणली गेली. ती तिच्या हातात गेली होती.

मग मला ते हिसके जाणवले. बारीक, एकामागून एक. कोणी गाठ सोडवू लागले, की बसतात तसे. ते मी ओळखत होतो. एकदा दाभणाने बसले होते, एकदा नखांनी. ती कितीतरी वेळ गाठीशी झटत होती. आचारी भिंतीला डोके टेकून बसला होता. खालच्या गल्लीत कोणीतरी पिंप घरंगळत नेत होते.

हिसके थांबले.

"कात्री माझ्या हातात होती," ती आतून म्हणाली.

मग कडी निघाली आणि दार उघडले.

मित्रांनो, पुढचे थोडक्यात सांगतो. आचारी पुन्हा समुद्रावर गेला नाही. धक्क्यावरच्या हमालांच्या खानावळीत तो स्वयंपाक करू लागला. सुट्टीच्या दिवशी तो बहिणीकडे येई. त्याची पावले जिन्यावर वाजली, की ती दार उघडून माझी पाचर दाराखाली मारी. तो बसलेला असेपर्यंत ते दार मिटत नसे. थंडीत वारा आत येई, शेजारी हसत, पण ती ऐकत नसे. त्या दिवसाबद्दल दोघे पुन्हा कधी बोलले नाहीत. कधीकधी कामातून उसंत मिळाली, की ती मला मांडीवर घेऊन गाठीशी खटपट करी. कात्री शेजारीच पडलेली असे. कात्रीला तिने कधी हात लावला नाही.

ती दोघे आता नाहीत. घरात दुसरे कुटुंब आहे. मी अजून दाराखालीच असतो. कोणाला मी होडीचे बूच वाटत नाही. लाकडाचा एक तुकडा, एवढेच. जाता येता पायाने सरकवतात. माझी दोरी कोणाच्या तरी पायात अडकते, आणि कालच घरातली आई म्हणाली, "किती मळकी आहे ती दोरी, कापून टाका एकदाची." कात्री अजून सापडलेली नाही, म्हणून मी तुमच्याशी बोलतो आहे.

तुमच्यावर कोणी एखादी लहानशी वस्तू सोपवली, तर ती जपा. ती लहान आहे म्हणून खिळ्याला टांगून ठेवू नका. तिच्या भरवशावर कोण बसले आहे, हे आपल्याला दिसत नसते. पण ती अशी जपा, की वेळ आली तर दुसऱ्याच्या हातात देता येईल. आणि कोणी एकटाच परत आला, तर त्याला जाब विचारण्याआधी दार उघडा.

माझे म्हणाल, तर मला फेकून दिले तरी चालेल. फक्त दोरी कापायला कोणी आले, तर त्यांना एवढे सांगा, की ती गाठ एका माणसाने हसत हसत मारली होती.